किती? : डब्यावरच्या गोडव्याबद्दल एक खुले पत्र

प्रति,
अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स अलिमेंटेरियस आयोगाची अन्न-लेबल समिती,
आणि आपापल्या देशात डब्यावर काय छापायचं हे ठरवणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार,

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. मधुमेह त्याच्या कितीतरी आधीपासून मुक्कामाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, साखर बंद. मी सांगितलेलं ऐकणारा रुग्ण आहे, त्यामुळे साखर त्याच दिवशी बंद झाली. गोडाची सवय मात्र साठ वर्षांची. तिने दुसऱ्या दाराने आत यायचं ठरवलं: चहात गोळी, दुपारी शुगर-फ्री शीतपेय, रात्री शुगर-फ्री दही, अधूनमधून च्युइंग गम. साखर शून्य असल्यामुळे मनाला टोचणी नव्हती.

गेल्या तपासणीत आहारतज्ज्ञ बाईंनी माझी खाण्याची वही उघडली आणि विचारलं, "हे कृत्रिम गोडवे दिवसाला किती होतात?"

"चार-पाच गोळ्या, एखादी बाटली..."

"तसं नाही. कुठला गोडवा, किती मिलिग्रॅम?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वहीत एक नवा रकाना आखून दिला आणि पुढच्या वेळी भरून आणायला सांगितलं. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलेला माणूस मी. रकाना रिकामा ठेवायची मला सवय नाही. त्या संध्याकाळी घरातली सगळी पाकिटं, बाटल्या आणि डबे टेबलावर मांडले, भिंग घेतलं आणि वाचायला बसलो.

साखर किती ग्रॅम ते होतं. उष्मांक होते, मेद होता, त्यातला संपृक्त मेद वेगळा दिला होता. सोडियम तर मिलिग्रॅममध्ये होतं. आणि ज्याच्या जोरावर तो डबा "शुगर-फ्री" म्हणवतो, त्याचं फक्त नाव. काही ठिकाणी नावही नाही, नुसता क्रमांक: 950, 951, 955. हा क्रमांक म्हणजे कोण हे शोधायला मला वेगळी यादी काढावी लागली. 950 म्हणजे ॲसेसल्फेम-के, 951 ॲस्पार्टेम, 955 सुक्रालोज. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असा नियम असल्यामुळे हे सगळे कायम शेपटाला, रंग आणि वासाच्या शेजारी. साखरेच्या दोनशे किंवा सहाशे पट गोड असलेला पदार्थ वजनात कमी भरणारच. पण वजनाने कमी म्हणजे नगण्य, असं त्या क्रमावरून वाटतं.

घरात असलेल्या तोंड धुण्याच्या औषधात, खोकल्याच्या औषधात आणि पाण्यात फसफसणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळीतही हेच पाहुणे निघाले. ते माझ्या वहीत कधी आलेच नव्हते.

मग मी अंदाज बांधायला बसलो. चमचाभर साखर साधारण चार ग्रॅम. ॲस्पार्टेम तिच्या दोनशे पट गोड, म्हणजे चमचाभर गोडीला वीस मिलिग्रॅम. सुक्रालोज सहाशे पट, म्हणजे जेमतेम सात. गोळ्यांचं असं काहीतरी जमलं. बाटलीपाशी मात्र गाडी अडली, कारण बाटलीत एकच गोडवा नव्हता. ॲस्पार्टेम आणि ॲसेसल्फेम-के एकत्र होते. असं मिश्रण सर्रास केलं जातं. दोघे मिळून एकेकट्यापेक्षा जास्त गोड लागतात आणि एकाची कडवट मागची चव दुसरा झाकतो. त्यामुळे जिभेवरून उलटं गणित करता येत नाही. दोन अज्ञात आणि समीकरण एक. आठवीतला मुलगाही सांगेल की हे सुटणार नाही.

शेवटी त्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, सौजन्याने आलं: आमची सर्व उत्पादने नियमांनी ठरवलेल्या सुरक्षित मर्यादेत आहेत. मी विचारलं होतं किती. मला सांगितलं गेलं, पुरेसं कमी.

म्हणून आता हे पत्र तुम्हाला. कंपनीने नियम मोडलेला नाही. तुम्ही विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

हा माणूस पाच-दहा मिलिग्रॅमसाठी का भांडतोय, असं तुम्हाला वाटेल. हृदयाच्या बाबतीत आज जे काही माहीत आहे आणि जे काही माहीत नाही, ते दोन्ही या एका आकड्यापाशी येऊन थांबतं, म्हणून.

2022 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फ्रान्समधला एक मोठा अभ्यास आला. न्यूट्रिनेट-सांते हे त्याचं नाव. एक लाख तीन हजारांहून अधिक माणसं, सरासरी वय बेचाळीस, त्यांतल्या जवळजवळ ऐंशी टक्के स्त्रिया, आणि पाठपुरावा साधारण नऊ वर्षांचा. ज्यांच्या आहारात कृत्रिम गोडवा जास्त होता त्यांच्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार न घेणाऱ्यांपेक्षा 9 टक्क्यांनी जास्त आढळले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार 18 टक्क्यांनी जास्त. वेगवेगळं पाहिलं तेव्हा ॲस्पार्टेमचा संबंध मेंदूकडच्या विकारांशी दिसला, तर ॲसेसल्फेम-के आणि सुक्रालोजचा हृदयाच्या रक्तवाहिन्यांशी.

टक्के ऐकून घाबरायचं नाही हे मी वर्गात शिकवत आलो आहे, म्हणून कच्चे आकडेही देतो. एक लाख माणसं वर्षभर पाहिली, तर न घेणाऱ्यांत अशा 314 घटना आणि जास्त घेणाऱ्यांत 346. फरक बत्तिसाचा. एकट्या माणसासाठी हा फरक लहानच आहे. पण या वस्तू जगभर कोट्यवधी माणसं रोज घेतात, आणि तिथे बत्तीस हा आकडा लहान राहत नाही.

मला त्या अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र हे आकडे वाटत नाहीत. ते मिळवायला त्या लोकांना काय करावं लागलं, ते महत्त्वाचं. सहभागी माणसांनी काय खाल्लं-प्यालं ते ब्रँडच्या नावासकट लिहून घेतलं. मग त्या त्या पदार्थात कुठला गोडवा किती, हे वेगवेगळ्या माहितीसंचांतून शोधलं, आणि काही पदार्थांचं प्रयोगशाळेत मोजमाप करवून घेतलं. डब्यावर छापलेलं असतं तर जे वाचून उतरवता आलं असतं, ते यंत्राने मोजावं लागलं. एवढं केल्यावर त्यांना कळलं की घेणाऱ्या माणसाचं सरासरी प्रमाण दिवसाला सुमारे 42 मिलिग्रॅम होतं. म्हणजे टेबलावरची एखादी पुडी, किंवा 100 मिलिलिटर डाएट शीतपेय. पिंपभर पिणारी माणसं नव्हेत ही. माझ्यासारखीच.

इतर मोठ्या अभ्यासांकडे बघा. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमधल्या 81,714 रजोनिवृत्त स्त्रियांची पाहणी 2019 मध्ये आली. दिवसाला दोन किंवा अधिक डाएट पेयं पिणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण, क्वचितच पिणाऱ्यांच्या तुलनेत, 23 टक्क्यांनी जास्त दिसलं आणि हृदयविकाराचं 29 टक्क्यांनी. पण त्यांना विचारलं होतं ते फक्त पेयांबद्दल, पेय किती वेळा घेता एवढंच. आत कुठला गोडवा होता, किती होता, ते कुणाला ठाऊक नाही. अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम गावच्या 2017 सालच्या अभ्यासात रोज एक डाएट पेय घेणाऱ्यांत रक्ताच्या गाठीमुळे होणारा पक्षाघात जवळजवळ तिप्पट दिसला आणि जगभर मथळे झाले. तिथेही मोजमापाचं एकक होतं "पेय". डॉक्टरने औषधाचा दुष्परिणाम नोंदवताना "रुग्ण रोज दोन बाटल्या औषध घेतो" एवढंच लिहिलं, तर तुम्ही तो कागद परत पाठवाल.

आता दुसरी बाजू. ती मी लपवणार नाही, कारण ती खरी आहे.

काठी घेऊन चालणारी माणसं जास्त पडतात. म्हणून काठी माणसाला पाडते असं होत नाही. मी गोळी कधी घ्यायला लागलो? साखर वाढल्यावर. डाएट पेय कधी उचललं? वजन आणि रक्तवाहिन्या दोन्ही हाताबाहेर गेल्यावर. माझ्यासारखे हजारो लोक अशा अभ्यासात "गोडवा घेणारे" म्हणून शिरतात आणि झटकाही आम्हालाच जास्त येतो. संशोधक वजन, सिगारेट, व्यायाम, बाकीचा आहार हे सगळं हिशेबात धरतात, पण अशा हिशेबातून सगळं काही धुऊन निघत नाही. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. ते संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. आणि ज्या छोट्या मुदतीच्या चाचण्यांमध्ये माणसांचं साखरेचं पेय काढून त्या जागी डाएट पेय दिलं गेलं, त्यांच्यात वजन साधारण किलोभर उतरलेलं दिसतं. साखरेची वकिली करायला मी हे पत्र लिहीत नाही. 1960 च्या दशकात साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन हृदयविकाराचा ठपका मेदाकडे वळवणारा लेख लिहवून घेतला होता, हे 2016 मध्ये जुन्या कागदपत्रांतून उघड झालं. तेव्हा तिची वकिली तर नकोच.

पण हा घोळ सुटायचा कसा? गोडवा खरंच अपाय करत असेल तर प्रमाण वाढेल तसा धोका वाढायला हवा, एका गोडव्याचा एका प्रकारे आणि दुसऱ्याचा दुसऱ्या प्रकारे. नुसती "काठी"ची गोष्ट असेल तर हे नातं विस्कटेल. हे तपासायचं हत्यार म्हणजे प्रमाण. आणि प्रमाण तुम्ही छापू देत नाही. छापायला लावत नाही म्हणा हवं तर. परिणाम तोच.

जागतिक आरोग्य संघटनेने 15 मे 2023 ला मार्गदर्शक सूचना काढली: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा असंसर्गजन्य आजारांचा धोका कमी करण्यासाठी साखरविरहित गोडवे वापरू नका. दीर्घकाळाच्या अभ्यासांत टाइप-2 मधुमेह, हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार आणि मृत्यू यांच्याशी संबंध दिसतो, हे त्यांनी कारणांत दिलं. शिफारस सशर्त आहे, कारण पुरावा कच्चा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही, असंही त्यात आहे. म्हणजे जी माणसं या वस्तू सगळ्यात नेमाने घेतात आणि ज्यांचं हृदय आधीच धोक्यात आहे, ती सूचनेच्या कुंपणाबाहेर उभी. मी त्यांत आहे. मला कुणीच काही सांगितलेलं नाही, ना घ्या ना घेऊ नका.

दोनच महिन्यांनी जुलैमध्ये त्याच संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला "कदाचित कर्करोगकारक" या 2बी गटात टाकलं आणि सगळीकडे एकच गलका उडाला. त्याच वेळी अन्नात मिसळायच्या पदार्थांची सुरक्षितता तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तिथेच ठेवली: शरीराच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील, असा हिशेबही दिला, एका कॅनमध्ये 200 ते 300 मिलिग्रॅम धरून. मला गंमत वाटली ती याची, की कॅनमध्ये किती असतं हे त्या दिवशी जगाला पत्रकार परिषदेतून कळलं. कॅन वाचून नाही.

आता या मर्यादेबद्दल, कारण कंपनीच्या उत्तरातली "सुरक्षित मर्यादा" ती हीच. ती येते कुठून? प्राण्यांना वाढत्या मात्रेने पदार्थ देतात. ज्या मात्रेपर्यंत काही बिघडलेलं दिसत नाही ती मात्रा धरून तिला शंभराने भागतात. ॲस्पार्टेमच्या बाबतीत उंदरांमध्ये किलोमागे 4000 मिलिग्रॅम निघाले, भागिले शंभर, चाळीस. पद्धत जुनी आहे, सावध आहे, विषारीपणा पकडायला चांगली आहे. पण ती काय शोधते हेही बघायला हवं. गाठी, अवयवांची वजनं, पिल्लांमधले दोष. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर वीस वर्षांत हळूहळू जमणारा थर ती शोधत नाही, आणि उंदीर या कामाला साक्षीदार म्हणूनही चालत नाही. उंदराच्या रक्तवाहिन्यांत असा थर सहजासहजी धरतच नाही. ज्या प्राण्याला माझा आजार होत नाही त्याच्यावर ठरलेली मर्यादा मला माझ्या आजारासाठी दाखवली जाते आहे.

या पदार्थांचा जन्मच मुळी निष्काळजीपणातला आहे, हे जाता जाता. 1879 मध्ये कॉन्स्टंटिन फाह्लबर्ग डांबराच्या रसायनांवर काम करून हात नीट न धुता जेवायला बसला आणि पाव गोड लागला, ते सॅकरिन. 1937 मध्ये मायकेल स्वेडाची सिगारेट गोड लागली, ते सायक्लामेट. 1965 मध्ये जेम्स श्लाटर अल्सरवरच्या औषधाचं काम करताना बोट चाटून बसला, ते ॲस्पार्टेम. आणि 1976 मध्ये लंडनमध्ये शशिकांत फडणीस यांना "टेस्ट" करायला सांगितलं ते त्यांनी "टेस्ट" म्हणजे चव घ्या असं ऐकलं, ते सुक्रालोज. मराठीत तर दोन्ही शब्द आपण एकसारखेच लिहितो, त्यामुळे फडणिसांची चूक मला अगदी घरची वाटते. ते धडधाकट राहिले हे नशीब. पण जीभ हे त्या चौघांचं मोजण्याचं साधन होतं, आणि दीडशे वर्षांनी ग्राहकाच्या हातातही तेवढंच साधन आहे.

एरिथ्रिटॉल या आणखी एका गोडव्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्याची गोष्ट वेगळी आहे आणि मला जास्त अस्वस्थ करते. काटेकोरपणे बोलायचं तर हा कृत्रिम नाही. फळांत किंचित असतो, आपलं शरीरही थोडा बनवतं. साखरेच्या सत्तर टक्के गोड, म्हणजे तो मिलिग्रॅममध्ये नव्हे, ग्रॅममध्ये घालावा लागतो. स्टेव्हिया या गोड पानांच्या वनस्पतीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांत वजनाने सर्वांत जास्त असतो तो हाच. पान समोर, एरिथ्रिटॉल आत.

2023 मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने नेचर मेडिसिनमध्ये निष्कर्ष मांडले. ते एरिथ्रिटॉल शोधत नव्हते. हृदयाच्या तपासणीला आलेल्या 1157 माणसांच्या रक्तात पुढच्या तीन वर्षांतल्या झटक्याची चाहूल देणारं रसायन कुठलं, हे शोधत होते. यादीत हे नाव वर आलं. मग अमेरिकेतल्या 2149 आणि युरोपातल्या 833 जणांत पडताळलं. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल सर्वांत जास्त, त्या वरच्या पाव हिश्श्यातल्या माणसांत झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका तळाच्या पाव हिश्श्याच्या साधारण दुप्पट. प्रयोगशाळेत त्याच्यामुळे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे कण, चटकन चिकटतात असंही दिसलं. प्लेटलेट चिकटणं म्हणजे गाठ धरण्याची सुरुवात. स्टेंटवाल्याला हे वाक्य कसं ऐकू येतं ते सांगायला नको. आम्ही प्लेटलेट चिकटू नयेत म्हणून रोज गोळी घेतो.

इथेही काठीचा प्रश्न आहेच. रक्त उपाशीपोटी घेतलेलं, आणि शरीर स्वतःही एरिथ्रिटॉल बनवत असल्यामुळे रक्तातला साठा खाण्यातून आला की बिघडलेल्या चयापचयातून, हे त्या नमुन्यांवरून सांगता येत नाही. हा आक्षेप वजनदार आहे. पण त्यांनी आणखी एक केलं. आठ निरोगी माणसांना 30 ग्रॅम एरिथ्रिटॉल पाण्यातून पाजलं. रक्तातलं प्रमाण हजार पटीने वाढलं आणि दोन दिवसांहून अधिक काळ त्या पातळीच्या वर राहिलं, जिच्यावर प्लेटलेटची वागणूक बदलते. 2024 मध्ये वीस निरोगी लोकांवर पुढचा प्रयोग झाला. दहांना 30 ग्रॅम एरिथ्रिटॉल, दहांना तेवढंच ग्लुकोज. प्लेटलेटची चपळाई एरिथ्रिटॉलवाल्यांत वाढली, ग्लुकोजवाल्यांत नाही. वीस माणसं म्हणजे अख्खं जग नव्हे, हे मान्य. पण 30 ग्रॅम म्हणजे काही राक्षसी मात्राही नव्हे. गोड पदार्थाच्या एका पाकिटात ती बसू शकते. माझ्या पाकिटात बसली आहे का, ते मला वाचून कळायला हवं होतं.

तुमची उत्तरं मला साधारण माहीत आहेत.

पहिलं, व्यापारी गुपित. प्रतिस्पर्धी कंपनीला हे गुपित फोडायचं असेल तर बाजारातून एक बाटली विकत घ्यायची आणि क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या, यंत्राला लावायची. संध्याकाळपर्यंत आकडा हातात. असं यंत्र प्रत्येक मोठ्या उत्पादकाकडे असतं. माझ्याकडे नाही. तेव्हा हे गुपित राहतं ते फक्त पिणाऱ्यापासून.

दुसरं, लोक घाबरतील. साखरेचे ग्रॅम छापले तेव्हा लोक घाबरले नाहीत, शिकले. सोडियम मिलिग्रॅममध्ये छापता, रक्तदाबवाले ते वाचून डबा परत ठेवतात किंवा घेतात. त्यात अनर्थ झालेला नाही.

तिसरं, अपाय सिद्ध झालेला नाही. बरोबर. सिद्ध किंवा असिद्ध करायलाच तर आकडा हवा आहे, आणि त्याचा उल्लेख मी वर भरपूर केला.

आणि हे नवीन काही मागत नाही मी. कॅनडात अनेक वर्षं असा नियम होता, ॲस्पार्टेम, सुक्रालोज, ॲसेसल्फेम-के यांचे एका वाढणीतले मिलिग्रॅम घटकांच्या यादीजवळ लिहायचे. जगबुडी झाली नाही. शिवाय तुमच्या स्वतःच्या 1985 सालच्या लेबल-मानकात एक तरतूद आहे: ज्या घटकावर शब्दांनी किंवा चित्राने भर दिला असेल त्याचं टक्केवारीतलं प्रमाण सांगावं. फळाचं चित्र छापलं तर फळ किती ते सांगा. म्हणजे भर दिल्यावर प्रमाण विचारायचं, हे तत्त्व तुम्हाला मान्य आहे. "शुगर-फ्री" ही दोन इंच उंचीची अक्षरं भर देणारी नाहीत तर काय आहेत? भर अभावावर दिला म्हणून तो अभाव ज्याने भरून काढला त्याला सूट मिळावी, यात मला तर्क दिसत नाही, पळवाट दिसते.

तुमची मानकं देशांना बंधनकारक नाहीत हे मला कळतं. पण 1995 पासून व्यापाराच्या तंट्यांत त्यांचाच दाखला निघतो, आणि एखाद्या छोट्या देशाला पुढे जायचं असेल तर तो आधी तुमच्याकडे बोट दाखवतो. म्हणून पत्राचा पहिला पत्ता तुमचा.

एक गोष्ट मात्र अर्धवट करू नका. चिलीने 2016 पासून जास्त साखरेच्या डब्यांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. उत्पादकांनी साखर कमी केली, हे उत्तम झालं. पण तिची जागा बऱ्याच ठिकाणी गोडव्यांनी घेतली, मुलांच्या पदार्थांतही. मेक्सिकोने 2020 मध्ये धडा घेऊन "गोडवे आहेत, मुलांसाठी योग्य नाही" असं पुढच्या बाजूला छापायला लावलं. तेही ठीक आहे, पण "आहेत" हे "किती"चं उत्तर नाही. साखरेवर जितका कर, जितके इशारे, तितका गोडव्यांचा खप, हे आता अंदाजाने सांगायची गोष्ट राहिलेली नाही. साखरेचा आकडा दाखवायचा आणि गोडव्याचा लपवायचा, हा तराजू तुम्हीच एका बाजूला कलता ठेवला आहे.

माझी मागणी तेव्हा अशी: प्रत्येक गोडव्याचं नाव, क्रमांकाच्या आड न दडवता, आणि त्याच्यापुढे एका वाढणीतले आणि शंभर ग्रॅम किंवा मिलिलिटरमधले मिलिग्रॅम. एरिथ्रिटॉल, झायलिटॉलसारख्यांचे ग्रॅम. सोडियमच्या ओळीखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत. औषधं आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या तुमच्या कक्षेत येत नसतील, तर ज्यांच्या कक्षेत येतात त्यांना हे पत्र पुढे पाठवा. आणि जोवर हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात प्रत्यक्ष मोजणारी, हजारो माणसांची, अनेक वर्षांची यादृच्छिक चाचणी, म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेली तुलना, कुणी केलेली नाही, तोवर फक्त साखर नाही एवढ्याच जोरावर डब्यावर हृदयाचं चित्र काढायची परवानगी कुणाला देऊ नका. ती चाचणी महाग आहे, कंटाळवाणी आहे आणि ती करण्यात कुणाचाच फायदा नाही, हे मला समजतं. गोडवे विकणाऱ्या प्रत्येकाकडून टनामागे थोडी वर्गणी घ्या, ती स्वतंत्र संस्थेकडे द्या आणि संशोधक कोण हे वर्गणीदारांना ठरवू देऊ नका. साखरेच्या वेळी काय झालं ते वर लिहिलंच आहे.

उत्तर पाठवणार असाल तर एक विनंती. "सुरक्षित मर्यादेत" असं लिहून पाठवू नका. ते माझ्याकडे आधीच आलं आहे, लेटरहेडसकट.

आपला,
एक स्टेंटधारी ग्राहक

ता. क. : हे पत्र माझ्यासारखे रुग्णही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. हे वाचून साखरेकडे परत जाऊ नका. तिच्याबद्दलचा पुरावा यापेक्षा पक्का आहे. मी स्वतः गोळ्या पाचावरून दोनवर आणल्या, शीतपेयाच्या जागी साधं पाणी घेतलं आणि एरिथ्रिटॉलचं पाकीट बंद केलं. हे मी डॉक्टरांना सांगून केलं, आणि तुम्हीही विचारूनच करा. पहिले तीन आठवडे चहा अगदीच बेचव लागला. चौथ्यात कमी बेचव लागला. वहीतल्या त्या रकान्यात सध्या मी मिलिग्रॅमऐवजी "2 गोळ्या, अंदाजे" असं लिहितो, आणि आहारतज्ज्ञ बाई "अंदाजे"खाली रेघ ओढतात.